‘नोक्स जिंकला ना?’ : एका ट्वीटवरची तीन वर्षांची सुनावणी आणि लो-कार्बचा राहून गेलेला प्रश्न

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीचा मेसेज आला. बाळ सहा महिन्यांचं होत आलंय, उष्टावणाची तारीख ठरलीय, आणि बाळंतपणात वाढलेलं वजन उतरावं म्हणून ती स्वतः दोन आठवड्यांपासून लो-कार्ब करतेय, म्हणजे पोळी बंद, भात बंद, अंडी-पनीर-चिकन-भाज्या-तूप चालू, आणि हे सगळं बाळाला अंगावर पाजत असताना. मी विचारलं, अगं डॉक्टरांना सांगितलंस का? तर उत्तर आलं, "ताई, त्या साउथ आफ्रिकेच्या नोक्सवर याच मुद्द्यावर केस झाली होती ना, तो जिंकला, म्हणजे प्रूव्ह झालंय की."

मी ज्युनियर कॉलेजात गृहशास्त्र शिकवते आणि हे प्रकरण दरवर्षी मुलींना शिकवते, त्यामुळे मला ते वाक्य टोचलं. नोक्स जिंकला हे खरं आहे, पण त्यातून काय प्रूव्ह झालं आणि काय नाही हे नीट कुणी सांगतच नाही. लो-कार्बवाले सांगतात की आमचा आहार कोर्टात सिद्ध झाला, विरोधातले सांगतात की तो टेक्निकल मुद्द्यावर सुटला, आणि मधल्या मध्ये पाजणारी आई आणि बाळ दोघंही बाजूला राहतात. म्हणून एकदा पूर्ण प्रकरण पहिल्यापासून लिहून काढते.

आधी माणूस कोण ते बघू. टिम नोक्स म्हणजे कुणी यूट्यूबवरचा डाएटवाला नव्हे. जन्म १९४९चा, शिक्षणाने डॉक्टर, केप टाउन विद्यापीठात व्यायामविज्ञानाचे प्राध्यापक राहिलेले, स्वतः आयुष्यभर मॅरेथॉन आणि त्याहून लांबच्या शर्यती धावलेले. डर्बन ते पीटरमॅरिट्झबर्ग अशी सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत असते ना, जिला आता पुण्या-मुंबईचे पण बरेच जण जातात, त्या शर्यतीत १९८१ साली एक बाई कोसळली, आणि ती पाणी कमी पडून नाही तर पाणी जास्त पिऊन, रक्तातलं सोडियम उतरून कोसळली होती. अशा केसेस नोक्सनी नोंदवून ठेवल्या आणि पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले की धावताना तहान लागेल तेवढंच प्या, घोटाघोटाला पिऊ नका. तेव्हा सगळा प्रवाह उलट होता, जास्तीत जास्त प्या असंच सांगितलं जायचं, आणि शेवटी नोक्सचं म्हणणं बरोबर निघालं. हे आधी सांगायचं कारण म्हणजे ज्या माणसाला एकदा सगळ्यांच्या विरोधात उभं राहून खरं ठरण्याचा अनुभव आलाय तो पुढच्या वेळी विरोध झाला की मागे सरत नाही, उलट त्याला वाटतं की हे पण तसंच आहे. त्यांचा पुढचा सगळा सूर मला तरी यातूनच समजतो.

२०१०च्या डिसेंबरात त्यांनी स्वतःचा आहार बदलला. वडील टाइप २ डायबिटीसने गेलेले, आणि इतकं धावूनही स्वतःला पण तोच आजार झालेला. आपल्याच गाजलेल्या धावण्याच्या पुस्तकात त्यांनी शर्यतीआधी भरपूर कार्ब्स खायला सांगितलं होतं, ती पानं आता फाडून टाका असं ते जाहीरपणे म्हणाले. स्वतःचं लिहिलेलं असं मागे घ्यायला धीर लागतो, ते मी मान्य करते. त्यानंतर २०१३ मध्ये इतरांबरोबर मिळून लो-कार्ब, हाय-फॅट पाककृतींचं पुस्तक आलं आणि साउथ आफ्रिकेत घराघरात ‘बँटिंग’, म्हणजे हाच लो-कार्ब आहार, सुरू झालं. हे बँटिंग म्हणजे इन्सुलिनवाले फ्रेडरिक बँटिंग नव्हेत, हे विल्यम बँटिंग, लंडनमधले अंत्यविधीची व्यवस्था करणारे गृहस्थ. त्यांनी १८६३ मध्ये एक छोटी पुस्तिका छापली होती की ब्रेड, साखर, बटाटा, बिअर सोडल्यावर माझं वजन २०२ पौंडांवरून ४६ पौंडांनी कसं उतरलं. म्हणजे लो-कार्ब काल-परवाचं फॅड आहे हे म्हणणं पण चूक, दीडशे वर्षांपूर्वीचं आहे ते.

आता ट्वीट. फेब्रुवारी २०१४च्या पहिल्या आठवड्यात एका आईने ट्विटरवर नोक्सना आणि त्यांच्या एका सहलेखिकेला विचारलं की पाजणाऱ्या आईने लो-कार्ब हाय-फॅट खाल्लं तर चालेल का, एवढं दूधदुभतं आणि फ्लॉवर पोटात जाणार, बाळाला गॅस होणार नाही का. नोक्सनी उत्तर दिलं की बाळ काही दूधदुभतं आणि फ्लॉवर खात नाही, त्याला चांगलं फॅटयुक्त आईचं दूध मिळतं, आणि मुख्य गोष्ट म्हणजे बाळाला लो-कार्ब हाय-फॅटवरच ‘वीन’ करायचं. बास, दोन-तीन ओळी. तिथल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्षा त्या ट्वीटने हादरल्या, त्यांनी तिथेच आक्षेप घेतला आणि लगेच साउथ आफ्रिकेच्या हेल्थ प्रोफेशन्स कौन्सिलकडे, म्हणजे आपल्याकडच्या मेडिकल कौन्सिलसारखी जी संस्था आहे तिच्याकडे, तक्रार केली. लक्षात घ्या, तक्रार त्या आईने केलेली नव्हती. तिने तो सल्ला पाळलाही नाही, आणि बाळाला काही झालं असंही कुणाचं म्हणणं नव्हतं.

इथे एक भाषेचा घोळ आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीतला ‘वीन’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात, बाळाला वरचं अन्न सुरू करणं आणि बाळाचं आईचं दूध बंद करणं. आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, उष्टावण वेगळं आणि दूध तोडणं वेगळं, कुठलीही आजी या दोन्हींत गल्लत करणार नाही. नोक्स म्हणत होते ते उष्टावणाबद्दल, वरचं अन्न सुरू कराल तेव्हा पेजेऐवजी मांस आणि भाज्या द्या असं. पण आरोपपत्रात शब्द आले ते अंगावर पिणाऱ्या बाळांबाबत सोशल मीडियावर रूढ नसलेला सल्ला दिला आणि त्यामुळे व्यावसायिक वर्तनाचा भंग झाला असे. पुढची तीन वर्षं एका बाजूला उष्टावण आणि दुसऱ्या बाजूला अंगावरचं दूध अशीच चर्चा चालली, अर्धा वेळ दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत होते.

सुनावणी जून २०१५ मध्ये केप टाउनला सुरू झाली आणि लगेच पुढे ढकलली गेली, मग नोव्हेंबर २०१५, फेब्रुवारी २०१६, ऑक्टोबर २०१६ असे टप्पे झाले. नोक्सच्या बाजूने ऑक्टोबर २०१६ला तीन बायका साक्षीला आल्या, अमेरिकेतल्या पत्रकार नीना टायशोल्झ, ब्रिटनच्या आहार-संशोधक झोई हारकोम्ब आणि न्यूझीलंडच्या आहारतज्ज्ञ कॅरिन झिन. नोक्सनी स्वतः दिवसेंदिवस स्लाइड्स दाखवत साक्ष दिली, कोलेस्टेरॉलचा इतिहास, इन्सुलिन रेझिस्टन्स, आहार मार्गदर्शक तत्त्वं कशी बनली, सगळं. म्हणजे दोन ओळींच्या ट्वीटसाठी अख्ख्या पोषणशास्त्राचा खटला चालला. बाहेरून बघणाऱ्याला साहजिकच वाटणार की इथे आता आहाराचाच निकाल लागणार.

२१ एप्रिल २०१७ला निकाल लागला, समितीच्या अध्यक्षा अ‍ॅडव्होकेट जोन अ‍ॅडम्स होत्या, आणि चार विरुद्ध एक अशा बहुमताने नोक्स निर्दोष ठरले. कौन्सिलने अपील केलं, ते जून २०१८ मध्ये फेटाळलं गेलं. कारणं बघा काय होती. त्या आईचं आणि नोक्सचं डॉक्टर-पेशंट असं नातं होतं हे सिद्ध झालं नाही. ट्वीट म्हणजे वैद्यकीय सल्ला हे सिद्ध झालं नाही. सल्ल्याने नुकसान झालं किंवा तो धोकादायक होता हेही तक्रारदार बाजूला दाखवता आलं नाही. आणि माझ्या मते निकाल बरोबरच आहे. दोन ओळींवरून एखाद्या डॉक्टरचं लायसन्स पणाला लावायचं, तेही कुणाचं काही बिघडलेलं नसताना, हे मला अन्यायाचं वाटतं, आणि आहारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच ट्वीटखाली दहा चांगली ट्वीट्स लिहून त्या आईला समजावलं असतं तर जास्त उपयोग झाला असता असं मला मनापासून वाटतं.

पण "धोका आहे हे सिद्ध झालं नाही" आणि "धोका नाही हे सिद्ध झालं" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आरोप वर्तनाचा होता, आहाराचा नव्हता. सिद्ध करायची जबाबदारी कौन्सिलवर होती, नोक्सवर नव्हती. माझ्या बहिणीने वाचलं ते मात्र दुसरं वाक्य.

आणि हा सगळा वाद मुळात ‘लो-कार्ब’ या शब्दावर घसरतो. सुनावणी चालू असतानाच स्टेलनबॉश आणि केप टाउन विद्यापीठांच्या संशोधकांचा एक मोठा आढावा गाजत होता, २०१४चा, १९ चाचण्या, ३२०९ माणसं. निष्कर्ष असा की कॅलरी सारख्या ठेवल्या तर लो-कार्ब आणि संतुलित आहार यांत वजन उतरण्यात फारसा फरक नाही. नोक्स आणि हारकोम्ब यांनी २०१६ मध्ये त्यात चुका आहेत म्हणून लेख लिहिला, मूळ संशोधकांनी त्याला उत्तर दिलं, बरीच वादावादी झाली. मला त्यातला एकच मुद्दा इथे घ्यायचाय. त्या आढाव्यात लो-कार्ब म्हणजे ४५ टक्क्यांपेक्षा कमी कॅलरी कार्ब्समधून, एवढी ढगळ व्याख्या होती. २००० कॅलरीच्या आहारात ४५ टक्के म्हणजे दिवसाला २२५ ग्रॅम कार्ब्स. त्यात तीन पोळ्या, वाटीभर भात, वरण, एखादं फळ सगळं बसतं. आणि दुसरीकडे कडक कीटोवाले २० ग्रॅमवर असतात, त्यात एक पोळी पण जेमतेम मावते. या दोन्हींना एकच नाव. मग एकाने म्हणायचं सुरक्षित आहे, दुसऱ्याने म्हणायचं घातक आहे, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणून मी मुलींना सांगते, कुणी लो-कार्ब म्हणालं की आधी विचारा किती ग्रॅम, मग विचारा कुणाच्या ताटात.

बाळाच्या वाटीपासून सुरू करते कारण मूळ ट्वीट तिथलंच होतं.

आईच्या दुधात कॅलरीचा साधारण निम्मा भाग फॅटमधून येतो, त्यामुळे बाळ फॅटवर वाढतं हे नोक्सचं म्हणणं चुकीचं नाही. पण त्याच दुधात १०० मिलीला सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते, कॅलरीचा ४० टक्क्यांच्या आसपास भाग तिथून येतो. म्हणजे निसर्गाने बाळाला दिलेला पहिला आहार हाय-फॅट आहे पण लो-कार्ब मात्र नाही. ही अर्धी बाजू नेहमी सुटते.

दुसरीकडे पेजेच्या बाबतीत नोक्स बरोबर होते, आणि हे मान्य करायला आपल्याकडच्या लोकांना जड जातं. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला जन्मापासूनचा लोहाचा साठा संपत आलेला असतो, आईच्या दुधात लोह फारच थोडं असतं, आणि आपण त्याला काय देतो तर भाताची पातळ पेज, रव्याची खीर, बिस्किट दुधात बुडवून. पोट भरतं, लोह मिळत नाही, आणि धान्यातल्या फायटेट नावाच्या घटकामुळे जे थोडं असतं ते पण नीट अंगी लागत नाही. साउथ आफ्रिकेत मक्याच्या पिठाची लापशी देतात, तीच गोष्ट. तिथे २०१६च्या सरकारी पाहणीत पाच वर्षांखालची २७ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. आणि आपल्याकडे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात हा आकडा ३५ टक्के आहे, आणि पाच वर्षांखालच्या जवळजवळ ६९ टक्के मुलांना अ‍ॅनिमिया आहे. दहातली सात मुलं! हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा दरवेळी पोटात कालवतं. सगळा दोष पेजेचा अर्थातच नाही, जंत आहेत, आईचाच अ‍ॅनिमिया आहे, गरिबी आहे, पण पहिल्या वर्षातली वाटी हे त्यातलं मोठं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या सूचनांत पण सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना रोज अंडं, मासा किंवा मांस मिळावं असं आहे. मग बाळाच्या वाटीत अंडं-मांस-भाजी घाला हा नोक्सचा सल्ला काही जगावेगळा नव्हता, सुनावणीत त्यांनी हेच मांडलं.

पण ‘घाला’ आणि ‘त्यातून भात-वरण काढा’ या दोन वेगळ्या गोष्टी. वाटीत अंडं आलं म्हणून भात हद्दपार करायला हवा असा पुरावा कुठून आणायचा? मोठ्या माणसांवरच्या चाचण्या बाळाला लावता येत नाहीत. लहान मुलांना कीटो आहार देतात तो फिट्सच्या आजारात, १९२१ पासून वैद्यकात आहे तो, आणि तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, व्हिटॅमिन-मिनरल वरून देत. तो औषधासारखा वापरतात. निरोगी बाळाच्या उष्टावणाशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

आता आईचं ताट, म्हणजे माझ्या बहिणीचं. ट्वीटमध्ये विचारलेला खरा प्रश्न हाच होता आणि तीन वर्षांच्या सुनावणीत सगळ्यात कमी बोलला गेला तो पण हाच असं मला वाटतं. पाजणाऱ्या आईच्या शरीरातून रोज दुधावाटे भरपूर साखर बाहेर जाते, ती शरीराला कुठून तरी बनवावीच लागते. स्वीडनमधली एक केस २०१५ मध्ये छापून आली आहे. ३२ वर्षांची बाई, डायबिटीस नाही, दहा महिने बाळाला पाजत होती, तिने कडक लो-कार्ब हाय-फॅट सुरू केलं, दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी कार्ब्स. चार किलो वजन उतरलं, मग मळमळ, उलट्या, धडधड, हातापायाला पेटके, आणि हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा रक्ताचा पीएच ७.२०, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं. कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्लं साठणं, जे आपण डायबिटीसच्या पेशंटमध्ये ऐकतो. ग्लुकोज आणि इन्सुलिन दिल्यावर ती हळूहळू बरी झाली. ही एक केस आहे, त्यावरून प्रत्येक पाजणाऱ्या आईला हेच होणार असं नाही, बहुतेकींना होणारही नाही. पण कारण समजण्यासारखं आहे, दूध ओढून नेतंय आणि वरून भरणा शून्य, आणि त्यात एखाद दिवस ताप आला, जेवण गेलं, तर परिस्थिती झपाट्याने बिघडू शकते. निकालपत्र यापासून कुणाला वाचवत नाही.

दुसरं मूल होऊ द्यायचा विचार असेल तर अजून एक गोष्ट. साउथ आफ्रिकेत २००३ पासून मक्याच्या आणि गव्हाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड वगैरे मिसळणं सक्तीचं केलं, आणि त्यानंतर बाळाच्या पाठीच्या कण्याचे जन्मजात दोष तिथे सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. ही फार मोठी गोष्ट आहे, गाजावाजा न होता झालेली. आता अशा देशात एखादी बाई ब्रेड आणि पॅप, म्हणजे ती मक्याची लापशी, दोन्ही सोडते तेव्हा त्या पिठातून मिळणारं फॉलिक अ‍ॅसिडही सुटतं. अमेरिकेत २०१८च्या एका अभ्यासात गर्भधारणेच्या आसपास कार्ब्स कमी खाणाऱ्या बायकांच्या बाळांत असे दोष असण्याची शक्यता ३० टक्के जास्त दिसली. दोष कार्ब्स कमी केल्याचा की फॉलिक अ‍ॅसिड सुटल्याचा, बहुधा दुसऱ्याचा, म्हणजे गोळी घेतली तर प्रश्न बराच सुटतो. पण ती गोळी घ्यायची हे दोन ओळींच्या ट्वीटमध्ये कोण सांगणार?

मग लो-कार्ब पोषणाच्या दृष्टीने पुरेसं आहे की नाही, याचं सरळ उत्तर कुणी शोधलं का, तर हो, साक्षीला आलेल्या त्याच कॅरिन झिन यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला. त्यांनी काल्पनिक स्त्री आणि पुरुषासाठी लो-कार्ब मेनू तयार केले आणि प्रत्येक व्हिटॅमिन-मिनरल मोजलं. जवळजवळ सगळं भरलं, फक्त बायकांच्या मेनूत लोह थोडं कमी पडलं. मला हा अभ्यास आवडतो कारण "धान्य सोडलं की कुपोषण होणारच" हे सरसकट विधान त्याने खोडलं. पण तो कागदावरचा मेनू आहे, तज्ज्ञ बाईने विचार करून आखलेला, मासे, अंडी, सुकामेवा, तऱ्हेतऱ्हेच्या भाज्या असलेला. माझी बहीण जे करत होती ते म्हणजे नेहमीच्या ताटातून पोळी-भात उचलून घेणं आणि उरलेल्यावर तूप. शाकाहारी घरात तर अजून अवघड, कारण आपलं प्रोटीन येतं डाळीतून, आणि १०० ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असलं तरी कार्ब्स ६० ग्रॅमच्या घरात असतात. कार्ब्स मोजायला लागलं की पहिली डाळच जाते. मग राहतं काय, पनीर आणि दाणे, आणि ज्यांच्याकडे महिनाअखेरीला पनीर परवडत नाही त्यांच्याकडे ते पण नाही.

म्हणून लो-कार्ब वाईट, असं मी म्हणतेय असं कृपया वाचू नका, कारण याच्या नेमकी उलटी बाजू आमच्याच घरात आहे. आमचे बाबा टाइप २ डायबिटीसचे. त्यांच्या ताटात सकाळी पोहे, दुपारी भात-पोळी, चारला चहा-बिस्किट, रात्री परत भात-पोळी. आपल्या देशात सरासरी ६२ टक्के कॅलरी कार्ब्समधून येतात, आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या पाहणीतला आकडा आहे, बाबांचं ताट त्याच्याही वर असणार. त्याच पाहणीवरून केलेल्या २०२२च्या विश्लेषणात डायबिटीस आटोक्यात आणायला कार्ब्स ४९ ते ५४ टक्क्यांपर्यंत खाली आणा आणि प्रोटीन वाढवा असं आलंय. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने पण २०१९ पासून लो-कार्ब हा मोठ्यांसाठी एक मान्य पर्याय धरलाय. म्हणजे बाबांच्या ताटातला भात कमी होणं हे चांगलंच. पण त्यांनी काय केलं तर कुणाच्या तरी फॉरवर्डवरून एका दिवसात भात-पोळी दोन्ही बंद, आणि साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र पूर्वीएवढीच. तिसऱ्या दिवशी पहाटे घामाघूम, बोलणं अडखळतंय, आईने साखर तपासली तर ५८. आई घरात होती म्हणून निभावलं. आहार बरोबर होता, गोळीचा डोस त्याच दिवशी कमी व्हायला हवा होता, आणि त्या फॉरवर्डमध्ये ही ओळ नव्हती. आता डॉक्टरांनी गोळी निम्मी केलीय, बाबा एक भाकरी खातात, उसळ वाढवलीय, अंडी रोज, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) पहिल्यांदा सातच्या खाली आलीय.

वजनाबद्दल फार लिहीत नाही कारण तिथे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. स्टॅनफर्डच्या २०१८च्या चाचणीत ६०९ माणसं वर्षभर, अर्धी लो-फॅट अर्धी लो-कार्ब, वजन उतरलं ५.३ आणि ६ किलो, म्हणण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांना साखर, मैदा, पाकिटातलं खाणं कमी करा आणि भाज्या वाढवा असं सांगितलं होतं. ज्याला जे झेपेल ते करावं. आपल्याकडे दीक्षित डाएटवरून घराघरात भांडणं झाली, दोनच वेळा आणि ५५ मिनिटांत जेवा, तेव्हाही मी हेच म्हणत होते की ज्याला जमतंय त्याला जमू दे, फक्त गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्याने आणि पोटुशी किंवा पाजणाऱ्या बाईने विचारल्याशिवाय करू नये.

परत बहिणीकडे येते. तिला मी फोनवर तासभर हे सगळं सांगितलं, ती आधी चिडली, म्हणाली ताई तू पण सासूबाईंसारखंच बोलायला लागलीस, कारण त्या रोज डिंकाचे लाडू आणि भात पुढे करत होत्या. मी म्हटलं लाडू नको खाऊस, साखर-मैदा सोडलास ते छानच आहे, ते सोडलेलंच ठेव, पण दोन्ही जेवणांत एक-एक भाकरी आणि वाटीभर डाळ परत घे आणि डॉक्टरांना दाखव. तिने एवढंच विचारलं, "मग नोक्स चुकला होता का?" मी म्हटलं, बाळाला अंडं द्या, मांस द्या याबाबत नाही चुकला. पण तू विचारलास तो प्रश्न त्या आईनेही विचारला होता, पाजताना मी हे खाऊ का, आणि त्याचं नीट उत्तर तिला ना नोक्सनी दिलं ना सुनावणीने.

डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.८ निघालं, बाळंतपणापासून तसंच होतं बहुतेक. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यात. उष्टावण गेल्या रविवारी झालं, मामाने म्हणजे आमच्या भावाने रीतीप्रमाणे खिरीचं बोट चाटवलं, फोटो निघाले. सोमवारपासून बाळाच्या वाटीत मऊ वरण-भात, वर अर्धा चमचा तूप आणि त्यात कुस्करलेलं उकडलेलं पिवळं बलक असं चालू आहे. पहिल्या दिवशी थुंकलं, दुसऱ्या दिवशी पण थुंकलं, काल चार चमचे खाल्ले म्हणे.